आमच्याकडे गौर राहायला आली होती

इंदूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये चैत्र दोनदा लागतो. समोरच्या भाभींच्या स्वयंपाकघरात लाला रामस्वरूपचं हिंदी कॅलेंडर, आमच्या फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय. होळी पेटली की भाभींचा फाल्गुन संपला, लगेच त्यांचा चैत्र सुरू, कृष्ण पक्षापासून. आमचा फाल्गुन अमावास्येपर्यंत रेंगाळतो. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, येते ती रंगपंचमी आम्हाला फाल्गुन वद्य पंचमी आणि त्यांना चैत्र कृष्ण पंचमी. अंगावर पडणारा रंग मात्र एकाच टँकरमधला. असा एक पंधरवडा आम्ही एकाच मजल्यावर दोन वेगळ्या महिन्यांत काढतो आणि शुद्ध प्रतिपदेला पुन्हा एका महिन्यात येतो.

त्या पंधरवड्यात जिन्यावर वर्दळ भाभींचीच. शीतला सप्तमीला त्यांची शेगडी बंद, आदल्या दिवशी करून ठेवलेलं थंड खायचं. त्यातला ओलिया, म्हणजे दही घालून केलेला गोड भात, वाटीभर आमच्याकडे येतो आणि आई तो ओट्यापाशी उभ्याउभ्याच संपवतात. दशामातेला भाभी पिंपळाला सूत गुंडाळून येतात, गळ्यात दहा गाठींचा पिवळा दोरा. आमच्या घरी तोवर गुढीची काठी माळ्यावरून खाली आलेली नसते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना खाली बसता येत नाही, आणि चैत्रगौरीचं निम्मं काम खाली बसून करायचं. पाडव्याच्या आधी त्यांनी कपाटाच्या किल्ल्यांबरोबर एक जुनी पत्र्याची पेटी माझ्यापुढे सरकवली. "यंदा गौर तू बसव. मी खुर्चीवरून सांगते."

बाहेरून चैत्रगौर म्हणजे हळदीकुंकवाची एक संध्याकाळ दिसते: आरास, आंबेडाळ, पन्हं, गजरे, फोटो. घरात ती महिनाभर असते. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर माहेरी येते, झोपाळ्यात बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी परत जाते. हळदीकुंकू या महिन्यात सोयीच्या दिवशी, बहुतेक मंगळवारी नाहीतर शुक्रवारी. बाकीचे सगळे दिवस ती घरात नुसती राहत असते, आणि राहायला आलेल्या लेकीचं जे जे करायचं ते सगळं करायचं. पूजेचं पुस्तक याबद्दल फार काही सांगत नाही. ते आईंना ठाऊक होतं.

पेटीत पितळी झोपाळा निघाला. चार साखळ्या, वर मोराची दांडी, बसायला वीतभर पाट. एका साखळीची कडी उघडून लोंबत होती. बर्तन बाजारात नव्या भांड्यांची दुकानं खंडीभर, पण पितळेला टाका मारून देणारा शोधावा लागला. मिळाला तो गल्लीच्या टोकाला, फळीवर बसून समईचं मळसूत्र घासत होता. त्याने झोपाळा हातात घेऊन आधी चारही साखळ्या एकमेकींशेजारी ताणून पाहिल्या. म्हणाला, "एक टूटी है, पर दूसरी खिंच के लंबी हो गई है. देवी तिरछी बैठेगी." मग लांब झालेल्या साखळीची एक कडी काढली आणि तीच तुटलेल्या साखळीत घातली. पैसे फक्त टाक्याचे घेतले.

झोपाळ्यात बसायची ती अन्नपूर्णा. लग्नाआधी गौरीहर पुजताना नवरीपुढे तांदळात बसवलेली असते तीच, माहेरून मिळालेली, नवरीबरोबर सासरी येणारी. आमच्या देवघरात त्यामुळे दोन अन्नपूर्णा आहेत, आईंची आणि माझी. माझी अजून कोरीव आहे, हातातली पळीसुद्धा स्पष्ट दिसते. आईंच्या अन्नपूर्णेचं नाक वर्षानुवर्षांच्या घासण्याने सपाट झालंय, डोळे म्हणजे दोन पुसट खळगे, पाठ मात्र आरशासारखी. "आता झोपाळ्यात कोण?" मी विचारलं. आई म्हणाल्या, "दोघी. चैत्रांगणाच्या रांगोळीत मध्ये दोघीच असतात ना, गौर आणि तिची सखी. पाट आहे मोठा."

मूर्ती घासण्याचीही त्यांची रीत आहे. पितांबरी चालते, पण अंगालाच. चेहऱ्याला चिंचेचा कोळ, तोही बोटाने, काथ्या अजिबात नाही. धुऊन झाल्यावर लगेच कोरड्या तांदळाच्या पिठात लोळवायची, म्हणजे खाचांतलं पाणी पीठ ओढून घेतं. खाचेत चिंच नाहीतर पाणी राहिलं की दोन दिवसांत हिरवट कळंक चढतो आणि मग महिनाभर तो बघत बसायचा. पीठ झटकायला आईंनी ठेवलेला ब्रश बहुधा माझ्या नवऱ्याच्या शाळेतल्या रंगपेटीतला आहे.

२०२४ चा पाडवा ९ एप्रिलला होता, तृतीया ११ ला. पाडव्याचं नेहमीप्रमाणे झालं: गुढी, कडुलिंबाची चटणी, साखरेची गाठी, श्रीखंड. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तृतीयेला मला दोन गौरींना भेटायचं होतं. भाभी खरगोनकडच्या. निमाडात, म्हणजे त्यांच्या त्या भागात, हा गणगौरीचा सण, आणि त्यांच्या नणंदेच्या घरी सुदामानगरात दरवर्षी बाडी असते. बाडी म्हणजे गव्हाच्या जवाऱ्यांची खोली. टोपल्यांत माती घालून आठनऊ दिवस आधी गहू पेरतात, खोली बंद ठेवतात, पाणी घालायला ठरलेलं माणूसच आत जातं. बाहेर बायका रोज रात्री गाणी म्हणतात. टोपल्यांतली ती रणुबाई, म्हणजे गौर. माहेरी आलेली असते. तृतीयेला बाडी उघडते, सगळे दर्शन घेतात. मग धणियर राजा, म्हणजे शंकर, तिला न्यायला येतो.

मी गेले तेव्हा दार नुकतंच उघडलं होतं. आत उकाडा आणि ओल्या मातीचा वास. जवारे वीतभर वाढलेले, अंधारात राहिल्याने फिकट पिवळे, फक्त दाराकडच्या टोपलीतल्यांची टोकं हिरवी. लाल नाडा बांधून एकेक टोपली उभी केलेली. बाहेर अंगणात बांबूच्या सांगाड्यांचे रथ तयार होते: साडी नेसलेली रणुबाई, साफा बांधलेला धणियर राजा. टोपल्या या रथांच्या पोटात जातात आणि बायका रथ डोक्यावर घेऊन झालरिया नाचतात. आपल्या लोकांना रथ म्हटलं की चाकं आठवतात. हे रथ बायकांच्या मानेवर चालतात.

एखाद्याचा नवस असला तर तो हा रथ पुढे जाऊ देत नाही, आणखी मुक्काम करवतो. त्याला रथ बौडाना म्हणतात. मग त्या दिवसाचं जेवण, पाहुणे, सगळं त्या घराकडे. रात्री आईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एक दिवस जास्त ठेवून घेतात म्हणजे. आपण महिना ठेवून घेतो."

आमच्या बिल्डिंगसमोरच्या मारवाडी कुटुंबाकडेही त्याच दिवशी गणगौरीची बोळवण होती. त्यांचं धुळवडीपासून चालतं, भिंतीवर मेंदी, काजळ, कुंकवाच्या सोळा सोळा टिकल्या, ईसर, म्हणजे त्यांचा शंकर, आणि गौर. तेही तृतीयेलाच संपतं. म्हणजे ज्या दिवशी गल्लीतल्या इतर घरांतून गौर सासरी निघते, नेमकी त्याच दिवशी आमच्याकडे ती माहेरी येते. पंचांगात तिथी एकच, जाण्याची आणि येण्याची. जन्म इंदूरचा असूनही हे कधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं, कारण आजवर तृतीयेच्या सकाळी मी कुणाच्याच गौरीजवळ नसायचे, ऑफिसात असायचे.

दुपारी घरी येऊन गौर बसवली. चौरंग, त्यावर झोपाळ्याची चौकट, खाली तांदूळ. दोघींना पंचामृताने स्नान, हळद-कुंकू, कापसाची वस्त्रं, मोगऱ्याची कळी. आईंच्या पेटीत खण नव्हता, महेश्वरी साडीचा काठ होता, हातभर लांब, घाटाच्या पायऱ्यांसारखी नक्षी असलेला. अहिल्याबाईंनी नर्मदेकाठी महेश्वरला राजधानी केली, विणकर आणून वसवले, आणि आमच्यासारख्या घरांतल्या देवींची वस्त्रं तेव्हापासून निमाडातून यायला लागली. राजधानी १८१८ मध्ये इंदूरला आली तरी काठ महेश्वरचाच राहिला. झोपाळ्याला पहिला झोका आईंनी दिला, खुर्चीत वाकून, एका बोटाने. साखळ्या चारही सारख्या होत्या. गौर सरळ बसली.

संध्याकाळी भाभी आल्या, दमलेल्या, गळा बसलेला. ओढणीच्या टोकात जवाऱ्यांची एक जुडी आणली होती, मुळांसकट. "आपकी गौर के लिए." मी आईंकडे पाहिलं. निरोप देऊन बोळवलेल्या देवीचे जवारे नुकत्याच आलेल्या देवीपुढे चालतात का, हे मला कुठून माहीत असणार? आईंनी क्षणभर विचार केला. "ठेव. तिचेच आहेत." मग भाभींना म्हणाल्या, "बैठो, पन्हं पिऊन जा." आईंचं हिंदी असंच, वाक्याच्या मध्यावर मराठीत येतं. ते इथे सगळ्यांना कळतं.

मग महिना सुरू झाला. सकाळी कालची फुलं काढायची, मूर्ती ओल्या फडक्याने टिपायच्या, हळद-कुंकू, दूधसाखरेचा नैवेद्य. रोज अभिषेक नाही, उन्हाळ्याचे दिवस असले तरी. आई म्हणतात, पाहुणीला रोज धुवून काढतात का? संध्याकाळी दिवा आणि झोका. बस एवढंच. पण हे एवढंच चुकवता येत नाही. गौर असताना घराला कुलूप लावायचं नाही, हा आईंचा एक नियम मला जड गेला. एप्रिलच्या शेवटी देवासला मुंजीला जायचं होतं, सगळ्यांनीच. शेवटी किल्ली भाभींकडे दिली. रात्री उशिरा परतलो तर समई तेवत होती आणि झोपाळ्यापुढे भाभींच्या स्टीलच्या वाटीत केळ्याचे काप. पलीकडच्या ब्लॉकमधल्या पोरींनी सांगितलं, चाचीने गाणं पण म्हटलं. रणुबाईचंच म्हटलं असणार. गौरीला काय, ओळखीचंच.

वैशाखाआधीचे ते दिवस म्हणजे इंदुरात चाळिशीच्या आसपासचं ऊन. मोगरा सकाळी राजवाड्यापाशी महालक्ष्मीच्या देवळाबाहेर चांगला मिळतो, अकरानंतर नुसता उकडलेला. मी आदल्या संध्याकाळी कळ्या आणून ओल्या फडक्यात ठेवायला लागले. निवडणुकीचे दिवस होते, खालून भोंग्यांच्या गाड्या जायच्या, आणि गौर आपली त्या घोषणांवर झुलायची.

चैत्रांगण शिकवायला वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. पूर्वी रामबागेत हा वाडा होता तेव्हा अंगणात तुळशीपुढे त्या चैत्रांगण काढत, रोज, महिनाभर. आता अंगण नाही. आमच्या आणि भाभींच्या दारांमधली मोकळी जागा आहे, त्यावर चकचकीत टाइल, टाइलवर रांगोळी ठरत नाही. काकूंनी प्लायचा एक तुकडा मागवला, त्याला गेरू लावला, वाळवला, आणि तो त्या जागेत भिंतीशी टेकवून नव्हे तर आडवाच घातला. "उभं चैत्रांगण म्हणजे चित्र. हे पाय न लागेल असं, पण जमिनीवरच हवं."

रांगोळीही त्यांची स्वतःची. बाजारात पांढरा दगडी चुरा मिळतो तो जाडा, चिमटीतून भसकन सांडतो. त्या तो चाळून त्यात थोडं तांदळाचं पीठ घालतात. चिमूट अंगठा आणि पहिल्या बोटाची, अंगठा आणि दोन बोटांची नाही. हात जमिनीपासून बोटभर वर, आणि रेघ हाताने नव्हे, खांद्याने ओढायची. हे ऐकायला सोपं आहे.

क्रम ठरलेला. आधी मखर: दोन खांब, वर कळस, आंब्याचं तोरण. मखरात झोपाळ्याच्या साखळ्या, त्या टिपक्यांनी. मग गौर आणि सखी, म्हणजे दोन त्रिकोण, त्यांवर दोन छोटे गोल, हातांच्या रेघा. वर सूर्य, चंद्र. तिथून बाहेर सगळं जग पसरत जातं: शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, कासव, नाग, हत्ती, तुळशीवृंदावन, आंब्याचं झाड, नारळाचं झाड, सनई-चौघडा. आणि त्यांच्यामध्येच फणी-करंडा, आरसा, मंगळसूत्र, ओटीचं ताट. मला हेच फार आवडलं. चक्राच्या शेजारी कंगवा. विष्णूची आयुधं आणि वेणी घालायचं सामान एकाच मापाचं, एकाच रेघेचं. कुणी म्हणतं एकावन्न चिन्हं हवीत, कुणी चौसष्ट. मी मोजायला लागले तर काकू म्हणाल्या, "मोजत बसलीस तर काढणार कधी?"

भाभी दारात चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. सगळं पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "इसमें धणियर राजा कहाँ हैं?" म्हणजे शंकर कुठाय. रथ दोन असतात, टिकल्या ईसर-गौर दोघांच्या असतात, आणि आमच्या अख्ख्या चैत्रांगणात नवरा नाही! काकू गुडघ्यावर हात ठेवून कोपऱ्याकडे वळल्या, एक त्रिशूळ काढला, त्याला डमरू अडकवलं. "आला आहे तो. पण माहेरी आली आहे ना बायको, बसलाय कोपऱ्यात." भाभींना मी हिंदीत सांगितलं तेव्हा कपातला चहा सांडला. चैत्रांगणावर नाही, सुदैवाने.

शेवटी हळद-कुंकवाची बोटं. रंग भरायचे नाहीत, यावर काकू ठाम होत्या. हल्ली हिरव्या-जांभळ्या रंगांचं चैत्रांगण दिसतं, तयार स्टिकरही मिळतात. स्टिकर एकदा चिकटवला की महिनाभर बघायला नको. माझ्या मते तोच त्याचा दोष आहे.

हळदीकुंकू ३ मेच्या शुक्रवारी ठेवलं. मी व्हॉट्सॲपवर निरोप टाकला, आईंना ते पटेना. बोलावणं म्हणजे दारी जाऊन कुंकू लावून सांगायचं. शेवटी वाटणी झाली: राजेंद्रनगर, तिलकनगर, लांबच्या सगळ्यांना व्हॉट्सॲप, गल्लीत मी करंडा घेऊन दारोदार. गल्लीत मराठी घरं आता थोडी. आईंचा हिशेब सरळ आहे, बोलावणं घरांना असतं, भाषेला नाही. मग भाभी, त्यांची नणंद, समोरच्या मारवाडी सासू-सुना, खालच्या सिंधी आंटी, सगळ्यांना कुंकू.

हरभरे आदल्या रात्री भिजवले. उन्हाळ्यात हे नाजूक काम. रात्रभर पाण्यात ठेवले की सकाळी पाण्याला फेस आणि आंबूस वास. म्हणून झोपायच्या आधी एकदा पाणी बदलायचं, पहाटे निथळून पंच्यात बांधून ठेवायचे, मग संध्याकाळपर्यंत कोंब फुटतो न फुटतो असे छान होतात. ओटीला देशी हरभराच हवा. इंदूरच्या मंडीत काबुली, ज्याला इथे डॉलर चना म्हणतात, त्याचं राज्य. तो दिसायला देखणा, पण ओटीत पीठूळ लागतो.

आंबेडाळीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. कैऱ्या दोन प्रकारच्या आणायच्या. डाळीला कोवळ्या, बाठ न धरलेल्या, करकरीत आंबट. पन्ह्याला मोठ्या, गर भरलेल्या. चोइथराम मंडीत हे सांगितलं तर भाजीवाला म्हणतो सगळ्या सारख्याच. नख लावून बघावं. हरभऱ्याची डाळ चारपाच तास भिजवून चाळणीत निथळत ठेवायची, आणि इथे घाई केली की पुढचं सगळं चिकट. पाण्याचा थेंबही न घालता भरड वाटायची. आईंच्या पाट्याची सर मिक्सरला नाही, पण पाटा माळ्यावर आहे आणि माझी कंबर जागेवर राहायला हवी. मिक्सरमध्ये थोडी थोडी डाळ घेऊन बटण फक्त झटके देत फिरवायचं. हिरव्या मिरच्या डाळीबरोबरच. कैरीचा कीस नंतर हाताने मिसळायचा, मिक्सरमध्ये नाही, नाहीतर पाणी सुटून चटणी होते. ओलं खोबरं, चिमूटभर साखर. मीठ अगदी शेवटी, बायका दारात यायच्या बेताला. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता यांची फोडणी थंड करून ओतायची. गरम ओतली की डाळ जागेवरच शिजल्यासारखी होते आणि कच्च्या डाळीचा तो स्वच्छ दाणेदारपणा जातो.

पन्ह्यावर आमच्या मजल्यावर जुना वाद आहे. भाभींचा कैरीचा पना म्हणजे पुदिना, भाजलेलं जिरं, काळं मीठ, लू लागू नये म्हणून प्यायचा. आमचं पन्हं गुळाचं, वेलची आणि केशराच्या चार काड्या घातलेलं, मीठ कळत नकळत. त्या म्हणतात हे शरबत, आई म्हणतात ते औषध. हळदीकुंकवाला दोन्ही ठेवले, दोन घागरी. केशराची आधी संपली की जिऱ्याची, हे मी सांगणार नाही, दोन्ही बाजूंना तोंड दाखवायचं आहे.

आरास साधी केली. पायऱ्या, त्यांवर आईंची जुनी साडी, करंज्या, लाडू, शेव, आणि इंदूर आहे म्हटल्यावर शेव किती प्रकारची ते विचारू नका. कलिंगडाचं कमळ नवऱ्याने कापलं, पाकळ्या मोठ्या झाल्या, पण कमळ कमळच. भाभींची जुडी मी तृतीयेलाच कुंडीत लावली होती. ते जवारे आता चांगले हिरवेगार झाले होते, ती कुंडी झोपाळ्याच्या उजव्या हाताला ठेवली. पुष्कळ जणींनी विचारलं, अळीव आहे का?

सहा वाजल्यापासून बायका यायला लागल्या. हळद, कुंकू, मनगटाला अत्तर, गुलाबपाणी, गजरा, ओटीत हरभरे आणि कैरी, हातात डाळीची वाटी. ओटी घ्यायला पदर लागतो. सलवार-कमीज घालून आलेल्या मुली ओढणी पुढे करत होत्या, आणि एकजण जीन्सवर होती तर तिने सरळ कापडी पिशवी उघडली. आई खुर्चीवरून म्हणाल्या, "घाल गं तीत, पोटात गेले की झाले." कुणीतरी उखाण्याचा आग्रह धरला. तिलकनगरच्या एका नव्या सुनेने "इंदूरच्या पोह्यांवर रतलामी शेव" इथपर्यंत सुरुवात केली, पुढचं नाव हशात कुणालाच ऐकू आलं नाही.

काकू येत नव्हत्या. सगळी तयारी करून द्यायची, चैत्रांगण काढायचं आणि बायका यायच्या वेळेला वर निघून जायचं, ही त्यांची काकांच्या माघारीची रीत. मी वर गेले. युक्तिवाद केला नाही, त्यांना तो येतोच, त्या निवृत्त शिक्षिका आहेत. म्हटलं, चैत्रांगणाचा एक खांब कुणाच्या तरी पदराने पुसला गेलाय. त्या लगेच डबा घेऊन उतरल्या. खांब खरंच पुसला गेला होता. तो नीट केला, आणि मग आईंनी त्यांना खुर्चीशेजारी बसवून घेतलं. हळद-कुंकू त्यांनी लावून घेतलं नाही. अत्तर घेतलं, गजरा घेतला, हरभरे पदरात घेतले आणि डाळ दुसऱ्यांदा मागून घेतली, "मीठ उशिरा घातलंस, बरं केलंस" म्हणत. त्यांच्या मर्जीपलीकडे मी काही केलं नाही, आणि जेवढं त्यांनी स्वीकारलं तेवढं मला पुष्कळ वाटलं. समोरच्या मारवाडी सासूबाई, त्याही एकट्याच, हे सगळं शांतपणे बघत होत्या. नंतर त्यांनीही आपली ओढणी पुढे केली.

अक्षय्य तृतीया १० मेला. इथे आखा तीज म्हणजे लग्नांचा दिवस, मुहूर्त बघावा लागत नाही म्हणून सकाळपासून गल्लीच्या दोन्ही टोकांना बँड. आमच्याकडे पुरणपोळी आणि वर्षातला पहिला आमरस, आधी पितरांचं पान, पाण्याची घागर दान, मग गौरीचा नैवेद्य. सोबत दहीभाताची शिदोरी, वाटेत खायला. आरती झाली, अक्षता वाहिल्या, झोपाळा एकदा हलवला आणि दोघींना उचलून देवघरात ठेवलं. आईंची पुढे, माझी तिच्या शेजारी. पूर्वी मागच्या रांगेत असायची.

भाभी नेमक्या तेव्हा आंब्याच्या फोडी घेऊन आल्या. रिकामा झोपाळा पाहून म्हणाल्या, "विदा हो गई? लेने कौन आया?"

"कोणी येत नाही," आई म्हणाल्या. "ती आपली आपण जाते. रस्ता पाठ आहे तिला."

झोपाळा पुसून, साखळ्या कागदात गुंडाळून पेटीत ठेवला. दुपारी जेवणं झाल्यावर आईंनी माळ्याकडे बोट केलं. भाद्रपदात महालक्ष्म्या येतात, तीन दिवस, त्यांच्या साड्यांची ट्रंक तिथे आहे. "ऊन आहे तोवर साड्या गच्चीवर घालून घे," म्हणाल्या. "पावसाळा लागला की वास जायचा नाही."